देहूच्या घरची माउली : जिजाई



आपल्या संप्रदायात माउली या शब्दाएवढा मोठा शब्द नाही. ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो, पंढरीच्या विठोबाला विठाई म्हणतो, गावच्या नदीला माई म्हणतो. उपनिषदातला आचार्य शिष्याला निरोप देताना चार दैवते सांगतो; त्यांत पहिला मान आईचा, पित्याचा आणि स्वतः आचार्याचा मान त्यानंतर. एवढी आपली मातृभक्ती. आणि तरीही आपल्या कीर्तनात एक आई अशी आहे, की तिचे नाव निघाले म्हणजे मंडपात हशा पिकतो. बुवा कमरेला हात लावतात, आवाज चिरका काढतात, टाळकरीसुद्धा हसू आवरत नाहीत. ती आई म्हणजे तुकोबारायांची धर्मपत्नी जिजाबाई. घरात आवली, आणि भाविकांची जिजाई.

तिने महाराजांना कसे छळले एवढेच बहुतेकांना ठाऊक. तिने सहा लेकरे कशी वाढवली हे कोणी विचारीत नाही. म्हणून आज तिचे चरित्र आई या नात्याने सांगावे असे योजिले आहे. बायकोचे चरित्र पुष्कळांनी सांगितले. आईचे राहून गेले.

जिजाई ही पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक. गुळवे सधन सावकार. देहूचे मोरे घराणेही त्या वेळी खाऊनपिऊन सुखी होते. बाजारपेठेची महाजनकी होती, वाणीउदीम होता, शेत होते, दारी गुरे होती, आणि विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारी होती. बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुलगे. सावजी थोरले, तुकोबा मधले, कान्होबा धाकटे. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई. तिला दम्याचा विकार जडला, म्हणून वडीलधाऱ्यांनी दुसरे लग्न ठरवले आणि जिजाई देहूच्या उंबऱ्यावरचे माप ओलांडून आत आली. भरल्या घरातून भरल्या घरात आली. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्या पोरसवदा मुलीला कोठून ठाऊक असणार?

मग एकेक खांब निखळला. तुकोबा सतरा वर्षांचे असताना बोल्होबा आणि कनकाई गेली. लगेच थोरली भावजय वारली आणि सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. प्रपंचाचा भार मधल्या मुलावर आला. त्यातच शके १५५१-५२, म्हणजे इ.स. १६२९ ते १६३१ चा तो घोर दुष्काळ पडला. दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले. धान्य दिसेना, गुरे खुंट्याला मेली, माणसे गाव सोडून परागंदा झाली. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरवला. जिजाईच्या माहेरच्या गावाची ही दशा.

देहूच्या घरात रखमाबाई अन्नावाचून गेली, आणि तिचा लहानगा संतोबाही गेला. महाराजांनी स्वतःच्या अभंगांतून या मृत्यूची लाज आणि व्यथा बोलून दाखवली आहे. जिजाईने मात्र काही लिहून ठेवले नाही. पण सज्जनहो, विचार करून पाहा. एकाच चुलीपुढे बसणारी सवत उपासाने मरते, मांडीवर खेळलेले पोर मरते, आणि हे सारे जिने पाहिले तिच्या मनात एक भय कायमचे घर करील की नाही? उद्या माझ्या पोरांवर हीच पाळी आली तर? जिजाईच्या जिभेवरची सारी कडवट वाक्ये या एका भयातून आली आहेत. ज्या आईने भुकेने मेलेले पोर पाहिले आहे, तिला घरातले धान्य दुसऱ्याच्या झोळीत जाताना गप्प राहवत नाही. तिला कर्कशा म्हणणाऱ्यांनी आधी त्या दुष्काळातून एकदा मनाने चालून यावे.

महाराजांचे चित्त दुष्काळानंतर संसारात रमले नाही. भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन त्यांनी अनुष्ठान केले. कान्होबांनी शोधून त्यांना खाली आणले. परतल्यावर घरच्या कर्जखतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला आणि महाराजांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला. लोकांचे कर्ज माफ झाले. या कृत्याची थोरवी आपण गातो आणि गायलीच पाहिजे. परंतु त्या कागदांबरोबर जिजाईच्या लेकरांची भाकरीही पाण्यात गेली, हेही खरे आहे. त्यागाचे पुण्य महाराजांच्या नावे जमा झाले आणि त्यागाचा उपास त्या माउलीच्या वाट्याला आला.

तरी तिने प्रपंच मोडू दिला नाही. महीपतीबोवा ताहराबादकरांनी आपल्या संतचरित्रात एक प्रसंग दिला आहे. जिजाईने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढले आणि महाराजांना व्यापाराला धाडले. महाराजांनी मिठाचा व्यापार केला, दोनशेचे अडीचशे झाले. परतीच्या वाटेवर कर्जाने गांजलेला एक ब्राह्मण भेटला आणि महाराजांनी सारी रक्कम त्याच्या हाती ठेवली. रिकाम्या हाताने स्वारी घरी आली. ऐकणारे म्हणतात, केवढे औदार्य! खरेच आहे. पण आपण त्या कर्जाच्या खतावरचे नाव विसरतो. सावकार दारात आला असेल तो जिजाईच्या नावाने.

उसाची गोष्ट तर पोरांनाही पाठ आहे. महाराजांना कोणी मोळीभर ऊस दिला. वाटेत मुलांनी मागितला, तो वाटता वाटता एकच कांडे घरी पोचले. जिजाईने ते रागाने महाराजांच्या पाठीत घातले, त्याचे दोन तुकडे झाले आणि महाराज हसले. एवढ्यावर आपण गोष्ट संपवतो. घरात स्वतःची पोरे उसाची वाट पाहत बसली होती, हे सांगायला कोणी थांबत नाही. महाराजांच्या दृष्टीने गावातली पोरे आणि घरातली पोरे सारखीच. ही संताची समदृष्टी. आईची दृष्टी मात्र आधी स्वतःच्या पोटच्या पोराच्या तोंडाकडे जाते. तीही देवानेच तिला दिलेली आहे.

आता डोंगराच्या वाटेचे सांगतो. आम्ही मावळातली माणसे, ही वाट आमच्या पायाखालची आहे. इंद्रायणीमाई लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात, नागफणीच्या परिसरात उगम पावते. कार्ला, कामशेत, वडगाव, इंदुरी करीत देहूला येते, पुढे आळंदीला माउलींचे चरण धुते आणि तुळापुरास भीमेला मिळते. तेच पाणी मग चंद्रभागा होऊन पंढरीला जाते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. म्हणून देहूत ऊन पडलेले असले तरी वर मावळात झड लागली की नदी फुगते. देहू नदीच्या एका अंगाला, तर महाराजांचा भंडारा डोंगर दुसऱ्या अंगाला, मावळाच्या हद्दीत. मध्ये ही इंद्रायणी आडवी.

महाराज कधी भंडाऱ्यावर, कधी भामचंद्रावर, कधी घोराडेश्वरावर नामचिंतनात बसत. एकदा बसले की भूकतहानेची शुद्ध नसे. जिजाईचा नेम असा होता की धनी जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही. मग घरचे आटपून, पोरांच्या तोंडी घास घालून, भाकरी फडक्यात बांधून ती निघे. नदी उतरायची, दोनेक कोसांची वाट तुडवायची, खडी चढण चढायची, आणि तेथे धनी डोळे मिटून बसलेले. त्यांना जेवू घालून ती उतरे. आज भंडाऱ्यावर गाडीरस्ता गेला आहे, यात्रेकरू गाडीत बसून माथ्यावर पोचतो. तरी एखाद्या वैशाखी दुपारी ज्याने पायवाटेने तो डोंगर चढून पाहिला आहे, त्याला आवलीच्या भाकरीचे वजन कळेल. आमच्या मावळात भातलावणीच्या दिवसांत बायामाणसे डोक्यावर पाटी घेऊन चिखलातून शेतावर न्याहारी नेतात. शेतावर गेलेला धनी निदान पीक तरी घेऊन येतो. जिजाईचा धनी डोंगरावरून काय घेऊन येई? अभंग. आणि त्या अभंगांनी तिचे पीठ भरत नव्हते. तरी तिने भाकरी चुकवली नाही.

परंपरा सांगते की एके दिवशी चढणीवर तिच्या पायात काटा मोडला. कळ मस्तकात गेली, ती खाली बसली. तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग आला आणि त्याने तिचा पाय हाती घेऊन काटा काढला. सज्जनहो, या कथेतले मर्म असे. ज्या काळ्याला ती उठल्याबसल्या बोल लावी, त्याच्या पायांसाठी योगी जन्म वेचतात. आणि त्याने मात्र हिचा पाय आपल्या हाती धरला. देवाला तिची जीभ दिसली नाही, तिचे पाय दिसले. ती बोलते काय याकडे त्याने लक्ष दिले नाही. ती चालते कोणासाठी हे पाहिले.

दुसरीही एक कथा महीपतीबोवांच्या परंपरेने चालत आली आहे. महाराजांनी वाळत घातलेले तिचे लुगडे एका गरीब बाईला देऊन टाकले. नेसायला दुसरे नाही. संतापलेली जिजाई दगड उचलून थेट देवळात निघाली, विठोबाचे पायच फोडते म्हणाली. तेव्हा रुक्मिणीमाता पुढे झाली आणि तिने जिजाईला वस्त्र आणि द्रव्य देऊन शांत केले. ही कथा हसत हसत सांगतात. पण तिच्यात एका आईने दुसरीचे दुःख ओळखले आहे. भांडण देवाच्या पायापर्यंत गेले आणि न्याय मिळाला तो आईकडून.

शास्त्रात भक्तीचे प्रकार पुष्कळ सांगितले आहेत. भागवताच्या सप्तम स्कंधात नारद युधिष्ठिराला समजावतात की वैराने केलेले चिंतनही भगवंताशी जोडून देते. जिजाईचे तर वैरही नव्हते. ज्याच्यावर हक्क असतो त्याच्याशीच माणूस भांडतो. परक्या सावकाराला कोणी बोल लावीत नाही, पण घरच्या कर्त्याला लावतो. नामदेवरायांची आई गोणाईसुद्धा विठोबाशी अशीच भांडली, माझे पोर मला परत दे म्हणून हटून बसली. गोणाईला आपण वंदन करतो. मग जिजाईलाच का हसावे?

आणि खुद्द महाराजांनी तिला कसे वागवले? गाथा उघडून पाहा. स्वामींना स्त्रीने दिलेल्या कठीण उत्तरांचे अभंग त्यात आहेत. घरातले दाणे संपतात, पाहुणे संपत नाहीत, पोरांनी खावे काय, ही तिची सारी तक्रार महाराजांनी स्वतःच्या वाणीने अभंगांत बांधून ठेवली आहे. ज्या पुरुषाला बायकोचे बोलणे तुच्छ वाटते तो ते झाकतो. महाराजांनी ते झाकले नाही, देवाच्या स्तुतीशेजारी मांडून ठेवले. पुढे त्याच गाथेत तिला केलेला उपदेश आहे. त्याला आपण पूर्णबोध म्हणतो. तो ऐकून तिने दुसऱ्या दिवशी घरातले किडूकमिडूक हसतमुखाने दान करून टाकले, अशीही कथा आहे. ज्या हातांनी एकेक दाणा जपला त्याच हातांनी घर मोकळे केले. दान करायला आधी जपावे लागते, हे तिच्याइतके कोणाला कळणार?

मुलींची लग्ने हाही तिच्या जिवाला घोर. काशी, भागीरथी आणि गंगा या तीन लेकी. महाराजांनी रस्त्यात खेळणाऱ्या तीन मुलांना घरी आणले आणि हळद लावून लग्ने उरकली, असे चरित्रकार सांगतात. मोसे, गाडे आणि जांभूळकर ही त्या जावयांची घराणी. कोठली मुले, कोणाची मुले, असे आईने विचारावे तोवर मंगलाष्टके झालीसुद्धा. तरी लेकी नांदल्या.

मग शके १५७१ ची फाल्गुन वद्य द्वितीया उजाडली, इ.स. १६५०. महाराजांचे वैकुंठगमन झाले. आपण दर वर्षी बीज साजरी करतो, दुपारी देहूत पुष्पवृष्टी होते, डोळे भरून येतात. त्या दिवशी जिजाईची स्थिती काय होती ते ध्यानात घ्या. तीन लेकी, महादेव आणि विठ्ठल हे दोन मुलगे, आणि एक जीव पोटात. महाराज वैकुंठाला गेले. ही जाणार कोठे? पोटातल्या जिवासाठी तिला राहणे भाग होते. विमान आले ते महाराजांसाठी. तिच्यासाठी जाते, चूल आणि पाळणा. कान्होबांनी भावासाठी केलेला विलाप अभंगांत राहिला आहे. हिला रडायलाही सवड मिळाली नसेल.

तो पोटातला जीव जन्माला आला तो मुलगा. त्याचे नाव नारायण.

तिच्या लेकरांची नावे एकदा ओळीने म्हणून पाहा. काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठ्ठल, नारायण. भागवताच्या षष्ठ स्कंधात अजामिळाची कथा आहे. मरताना त्याने धाकट्या मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि तेवढ्यावर विष्णुदूत धावत आले. अजामिळाने एकदा हाक मारली. ही माउली तर रोज तिन्हीसांजेला दारात उभी राहून नारायणाला जेवायला बोलावीत होती. तिला कोणी टाळ हाती घेतलेले पाहिले नसेल, पण तिचे नामस्मरण चुकले असे कोण म्हणेल?

नारायणबाबांनी वडिलांना डोळ्यांनी पाहिले नाही. मग वडील त्यांना दाखवले कोणी? चुलते कान्होबा होते, संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी होते. त्या संताजींची समाधी आमच्या मावळातल्या सुदुंबऱ्यास आहे. पण पोराला बाप आधी आईच्या तोंडून कळतो. बाप नसलेल्या मुलासमोर ती आयुष्यभराची तक्रारच मांडत बसली असती, तर तो मुलगा विठ्ठलाच्या वाटेला फिरकला नसता. तो फिरकला, एवढेच नव्हे तर त्याने ती वाट साऱ्या महाराष्ट्रासाठी मोकळी केली. यावरून आईने त्याला काय सांगितले असेल ते समजून घ्यावे. झाडाची परीक्षा फळावरून होते.

शके १६०७, म्हणजे इ.स. १६८५ मध्ये नारायणबाबांनी तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला नेऊन ज्ञानोबारायांच्या पादुका सोबत घेतल्या आणि ज्ञानोबा-तुकाराम या जयघोषात पंढरीची वाट धरली. औरंगजेब दक्षिणेत उतरला होता, मुलूख धुमसत होता. तशा दिवसांत हा सोहळा सुरू झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. देहू, येलवाडी, किन्हई ही गावे छत्रपतींच्या घराण्याकडून संस्थानाला इनाम मिळाली तीही नारायणबाबांच्या खटपटीने. आज आषाढीला लाखो पाय ज्या वाटेने चालतात, ती पालखीची वाट त्या एका मुलाने घालून दिली. ज्याने ते पाय कधी पाहिले नव्हते त्याने त्या पायांच्या पादुका डोक्यावर घेतल्या. पायांची ओळख त्याला आईने करून दिली. रोज नदी उतरून, डोंगर चढून ज्या पायांपाशी तिने भाकरी ठेवली, तेच ते पाय.

सन १९३६ मध्ये प्रभात कंपनीने महाराजांवर बोलपट काढला, तो मुंबईत एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात गौरी नावाच्या नटीने जिजाईचे काम केले. पडद्यावरची ती रांगडी, प्रेमळ जिजाई पाहून आयाबाया डोळे पुसत. शास्त्र न शिकलेल्या बायकांना ती आपली वाटली, कारण त्यांच्या घरीही चूल होती आणि पोरे होती. आम्ही शास्त्र शिकलेल्यांनी तेवढे तरी ओळखावे.

तात्पर्य काय? वैराग्य ही महाराजांची थोरवी, आणि त्या वैराग्याला रोज भाकरी पोचवणे ही जिजाईची. संताने संसाराकडे पाठ फिरवली तरी पोरांची पोटे पाठ फिरवत नाहीत. तेथे कोणीतरी उभे राहावे लागते. ती उभी राहिली. रागावून राहिली, बोलत राहिली, पण जागची हलली नाही. मोठ्या कार्याला निघालेल्या माणसाच्या घरी आजही अशी एक जिजाई असते. ती चिडते, बोलते, आणि ताट झाकून ठेवते. तिला हसणे सोपे आहे; तिचे ताट आठवणे हे वारकऱ्याचे लक्षण.

म्हणून कीर्तनकार बंधूंना हात जोडून एक विनंती. आवलीचा प्रसंग अवश्य सांगावा, लोकांना हसवावे, हसण्यात पाप नाही. पण ऊस पाठीत मारला एवढ्यावर चाल धरू नये. पुढे दुष्काळ सांगावा, काटा सांगावा, नारायण सांगावा; मग मंडप हसून झाल्यावर गप्प होतो की नाही ते पाहावे. आणि वारकरी मायबापहो, माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्यावर जाल तेव्हा निदान पायथ्यापासून थोडी वाट पायी चढा, फडक्यात एक भाकरी बांधून न्या आणि वर कोणा भुकेल्याला द्या. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी हलेल तेव्हा ज्ञानोबा-तुकाराम म्हणताना मनात एकदा त्या माउलीलाही नमस्कार करा.

॥ रामकृष्णहरि ॥